हजेरीपटावर नाव आहे, पण मूल शिकते आहे का?



शाळा उघडायच्या दिवसांत आपल्या वस्त्यांमधून एकच धांदल असते. कोणी वह्यांचा डझन कुठे स्वस्त मिळतो ते विचारतो, कोणी थोरल्याचे दप्तर शिवून धाकट्याला देतो, कोणी पगारावर उचल घेतो. मुलांच्या शिक्षणावर खर्च करताना आपला माणूस हात आखडत नाही, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण ह्याच धांदलीत काही घरांतून एका मुलाविषयी आवाज खाली आणून बोलले जाते. त्याला नीट ऐकू येत नाही. तिला धड चालता येत नाही. तो दहा वर्षांचा झाला तरी त्याला अक्षर लागत नाही. मग घरातले एखादे जाणते माणूस म्हणते, "त्याला शाळेत घालून काय करायचे? घरी बसू दे, दोन घास खाईल." नाहीतर म्हणते, "घाला शाळेत, निदान चार तास बाई सांभाळतील."

ही दोन्ही वाक्ये आम्हाला सारखीच बोचतात. पहिल्या वाक्याने मुलाला शाळेचे दार बंद होते. दुसऱ्या वाक्याने दार उघडते, पण आत शिक्षण असेलच असे नाही. पहिल्या वाक्याला कायद्याने उत्तर दिले आहे. दुसऱ्याला उत्तर आपणच द्यायचे आहे, म्हणून आज त्याविषयी.

आधी थोडे मागे जाऊ, म्हणजे आज हातात काय आहे ते कळेल. १९६४ ते १९६६ ह्या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने असे सुचवले होते की, शक्य असेल तिथे अपंग मुलांनाही नेहमीच्या शाळेतच शिकवावे. १९७४ साली केंद्र सरकारने अपंग मुलांसाठी एकात्म शिक्षणाची योजना काढली. पण ती योजना होती, हक्क नव्हता. मुलाने शाळेशी जमवून घ्यायचे. जमले तर राहायचे, नाही जमले तर विशेष शाळेत जायचे. आणि विशेष शाळा कुठे? तर शहरात, दोन बसगाड्या बदलून. रोजंदारीवर जाणाऱ्या आईबापाला ते कसे परवडावे? म्हणजे व्यवहारात मूल घरीच.

१९९५ साली अपंग व्यक्तींसाठी पहिला मोठा कायदा झाला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार धरले होते आणि अशा मुलाला अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण द्यावे असे सांगितले होते. २००१ च्या सुमारास सर्व शिक्षा अभियान आले. त्याचे सूत्र होते की, कोणत्याही मुलाला नाकारायचे नाही. २००२ साली घटनादुरुस्ती होऊन कलम २१-अ आले, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला. २०१२ च्या दुरुस्तीने अपंग मुलांना त्या कायद्यात वंचित गटात घेतले. ज्या मुलाचे अपंगत्व फारच तीव्र आहे, त्याला घरी येऊन शिकवण्याची सोयही त्यात ठेवली.

मग २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. सातांचे एकवीस प्रकार झाले. ह्या कायद्यात समावेशक शिक्षणाचा अर्थच लिहून ठेवला आहे. सगळी मुले एकत्र शिकतील, आणि शिकवण्याची पद्धत त्या-त्या मुलाच्या गरजेप्रमाणे बदलली जाईल, असा तो अर्थ. वाचकहो, ह्या वाक्याचा दुसरा भाग नीट लक्षात ठेवा. १९७४ साली मुलाने शाळेप्रमाणे बदलायचे होते. आता शाळेने मुलाप्रमाणे बदलायचे आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत झालेला खरा बदल तो हाच.

ह्याच काळात शब्दही बदलले. अपंग म्हणत होते, विकलांग म्हणू लागले, आता दिव्यांग म्हणतात. महाराष्ट्रात ३ डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खातेही झाले. शब्द चांगला असावा, त्याला आमची ना नाही. पण गोड नावाचा अनुभव आपल्या समाजाने पुरेपूर घेतला आहे. नाव गोड मिळाले म्हणून पाणवठा मोकळा झाला नव्हता. तेव्हा शाळेच्या फलकावर कोणता शब्द लिहिला आहे, ह्यावर आपण समाधान मानू नये. सकाळी अकरा वाजता आपले मूल वर्गात काय करते आहे, ते विचारावे.

आमच्या पाहण्यातली एक शाळा सांगतो. वस्तीजवळची सार्वजनिक प्राथमिक शाळा. नाव सांगत नाही, कारण अशा शाळा गावोगाव आहेत. काही वर्षांपूर्वी तिथे एक विशेष शिक्षिका आठवड्यातून दोन दिवस येत असत. एक छोटी खोली होती. तिच्यात चित्रांची कार्डे, मण्यांची पाटी, मोठ्या अक्षरांचे तक्ते, आणि ज्या मुलाला मान सावरत नाही त्याच्यासाठी पट्टे लावलेली लाकडी खुर्ची. बाई मुलांना तास-दोन तास त्या खोलीत शिकवत, मग वर्गात जाऊन वर्गशिक्षिकेला सांगत की, ह्या मुलाला पुढे बसवा, ह्याच्यासाठी फळ्यावर मोठे लिहा. महिन्यातून एकदा आयांना बोलावत.

मग हळूहळू बदलले. बाईंचे काम कंत्राटी. त्यांना आणखी शाळा जोडून दिल्या. दोन दिवसांचा एक दिवस झाला, आठवड्याचा पंधरवडा झाला, पुढे कधी येतील ते कोणी सांगेना. खोलीत पोषण आहाराच्या तांदळाची पोती आली. खुर्ची पोत्यांच्या मागे गेली. मुले मात्र शाळेतच होती. पटावर होती, हजेरीत होती, दुपारच्या खिचडीच्या रांगेत होती. कागदावर काहीच बदलले नव्हते. आम्हाला कारकुनी करून वीस वर्षे झाली, म्हणून सांगतो. जे कमी झाले ते कागदावर दिसत नाही, तेव्हा ते सगळ्यांत धोक्याचे असते.

त्या शाळेत एक मुलगी होती. वडील हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी. मुलीला कमी ऐकू येते. पहिलीत असताना तिला शिबिरातून कानाचे यंत्र मिळाले होते. विशेष शिक्षिका होत्या तोवर यंत्राचे सेल संपले की त्या विचारायच्या, कानातला साचा सैल झाला की सांगायच्या. त्या येईनाशा झाल्यावर यंत्र घरी डब्यात पडले. मुलगी उंच, म्हणून शेवटच्या बाकावर. चौथीत गेली तेव्हा तिची हजेरी वर्गात सगळ्यांत चांगली होती आणि तिला "कमल" हा शब्दही वाचता येत नव्हता. आईने विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "तुमची मुलगी फार शांत आहे हो, तिचा काही त्रास नाही."

शांत आहे! ज्या मुलाला ऐकू येत नाही ते शांत असणार नाही तर काय? जे मूल त्रास देते त्याच्याकडे निदान लक्ष तरी जाते. शांत मूल चार वर्षे वर्गात बसून रिकामे घरी येते आणि कोणाच्याच ध्यानात येत नाही.

आपल्या वाचकांना गोणपाट सांगावे लागत नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाचा मुलगा घरून गोणपाट नेऊन वेगळा बसत होता. तो वर्गात होता, त्याचे नाव पटावर होते, तरी त्याला वेगळे ठेवले होते. मग ज्या मुलीला ऐकू येत नाही तिला शेवटच्या बाकावर ठेवून वर्षभर तिच्याकडे कोणी वळून बघत नसेल, तर तो बाक आणि ते गोणपाट ह्यांत फार अंतर आहे काय? कारण वेगळे आहे, द्वेष नाही, हे खरे. पण मुलाच्या पदरात पडते ते सारखेच.

इथे शिक्षकांवर खापर फोडण्याची घाई करू नये. वर्गात तीस-चाळीस मुले, कधी दोन इयत्ता एकत्र, वर निवडणुकीची यादी, जनगणना, मोबाइलवर भरायची माहिती. अशा बाईंनी वाचादोष असलेल्या मुलाला कसे शिकवावे हे त्यांना कोणी शिकवलेलेच नसते, किंवा दोन दिवसांच्या प्रशिक्षणात उरकलेले असते. त्यांना जोडीदार पाहिजे. तो जोडीदार म्हणजे विशेष शिक्षक.

म्हणूनच हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. रजनीश कुमार पांडे ह्यांच्या प्रकरणात २८ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, नेहमीच्या शाळांत विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवा आणि कायम पदे भरा. त्यानंतर २०२२ साली केंद्राने प्रमाण ठरवले. पहिली ते पाचवीसाठी अशा १० मुलांमागे १ विशेष शिक्षक, सहावी ते आठवीसाठी १५ मुलांमागे १. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले की, पदे मंजूर करून जाहीर करा. आपल्या राज्याने २०२४ साली ४,८६० विशेष शिक्षकांची पदे, म्हणजे दर केंद्राला एक, निर्माण करण्याचा निर्णय घेतला. वर्षानुवर्षे मानधनावर राबलेल्या माणसांना त्यातून न्याय मिळावा. निर्णय स्वागतार्ह आहे.

पण आम्ही कॉमर्स शिकलेले. आम्हाला भागाकार केल्याशिवाय चैन पडत नाही. एका केंद्रात बारा शाळा धरा. आठवड्याचे कामाचे सहा दिवस. रोज एक शाळा म्हटले तरी एका शाळेची पाळी दोन आठवड्यांनी येते. प्राथमिक शाळेचे वर्षाचे दिवस दोनशे. म्हणजे मुलाच्या वाट्याला वर्षात सोळा-सतरा दिवस. ह्यात सभा, प्रशिक्षण, रजा धरलेल्या नाहीत. आता दुसरा हिशेब. सर्व शिक्षा अभियानात अशा एका मुलामागे वर्षाला १,२०० रुपयांची तरतूद होती, पुढे ती ३,००० झाली. २०१८ पासून समग्र शिक्षा आली, तिच्यात ती ३,५०० रुपयांपर्यंत आहे. ३,५०० भागिले २०० केले तर दिवसाला साडेसतरा रुपये. ह्यात उपकरणे, प्रवास, मदतनीस, साहित्य, सगळे. साडेसतरा रुपयांत आज एक वडापावही धड येत नाही.

हा हिशेब निराश होण्यासाठी मांडला नाही. उरलेल्या एकशेऐंशी दिवसांत जे व्हायचे ते वर्गातच झाले पाहिजे, आणि ते होते की नाही हे बघणारे आपणच, हे समजावे म्हणून मांडला.

आता एक गैरसमज. विशेष गरजेचे मूल म्हणजे कुबड्या घेतलेले किंवा डोळ्यांनी न दिसणारे, असे पुष्कळांना वाटते. एकवीस प्रकारांत बरेच काही येते. अध्ययन अक्षमता येते. म्हणजे मूल बोलण्यात चलाख, बाजारहाट चोख, हिशेब तोंडी बरोबर, पण वाचायला बसले की अक्षरे जागा सोडतात. अशा मुलाला आपण आणि शाळा मिळून "ढ" म्हणतो, आळशी म्हणतो, पट्टीने झोडपतो. ते ना ढ असते ना आळशी. त्याच्या मेंदूची वाचण्याची रीत वेगळी असते. त्याला अक्षर बोटाने गिरवून, आवाज करून, तुकडे पाडून शिकवावे लागते. ही अक्षमता लवकरात लवकर ओळखून उपाय करणे हे शाळेचे कर्तव्य आहे, असे २०१६ च्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. साधारण आठव्या वर्षाच्या पुढे त्याची तपासणी होऊन दाखला मिळू शकतो. पुढे दहावीला दर तासामागे वीस मिनिटे जादा, लेखनिक, अशा सवलती ह्याच दाखल्यावर मिळतात. पण दहावीला जागे होऊन उपयोग नाही, प्राथमिकपासून नोंद असावी.

दुसरा प्रकार आपल्या अधिक जिव्हाळ्याचा. सिकलसेल. विदर्भात आपल्या समाजात हा रक्ताचा आजार मोठ्या प्रमाणावर आहे, आणि २०१६ च्या कायद्याने तोही एकवीस प्रकारांत धरला आहे. अशा मुलाचे हातपाय धडधाकट दिसतात. पण अंगात अचानक कळा येतात, आठवडा-आठवडा अंथरुणाला खिळते. शाळेत शेरा पडतो, "वारंवार गैरहजर." त्या मुलाला वर्गात पाण्याची बाटली जवळ हवी, लघवीला जायला आडकाठी नको, कडक थंडीत नि उन्हात कवायत नको, दमेपर्यंत पळवणे नको, आणि बुडालेला अभ्यास भरून द्यायला कोणीतरी हवे. ह्यात पैशाचा खर्च किती? जवळजवळ नाही. गरज आहे ती शाळेला माहिती असण्याची. पुष्कळ घरांत मुलीच्या लग्नाला अडचण येईल म्हणून आजार लपवतात. माहिती लपवली तर शाळेला दोष तरी कसा द्यावा?

लपवण्यावरून आठवले. अजूनही काही घरांत अशा मुलाला भगताकडे नेतात, बाहेरची बाधा म्हणतात, मागल्या जन्मीचे पाप म्हणतात. ज्या विचारांनी आपण माणूस म्हणून उभे राहिलो, त्या विचारांना हे शोभत नाही. त्या फेऱ्यांत मुलाची पहिली पाच-सहा वर्षे, म्हणजे बोलणे-ऐकणे-चालणे सुधारण्याची सगळ्यांत मोलाची वर्षे, हातची जातात.

मग करायचे काय? पुढारी आला की निवेदन द्यायचे आणि फोटो काढायचा, ह्याने वर्गातले काही बदलत नाही. सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण आम्ही टेबलाच्या अलीकडून आणि पलीकडून दोन्हीकडून पाहिली आहे. त्यातून जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

पहिले म्हणजे दाखला. शासकीय रुग्णालयात तपासणी करून अपंगत्वाचा दाखला आणि वैश्विक ओळखपत्र काढा. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा पालक म्हणतील त्या विशेष शाळेत. टक्के कमी असले तरी शाळेने भेदभाव न करता सामावून घेतले पाहिजेच. दाखला मिळेपर्यंत प्रवेश अडवला तर ऐकू नका. प्रवेश आधी, कागद मागून.

दुसरे म्हणजे नोंद. दरवर्षी प्रत्येक शाळा यू-डायसची माहिती भरते. त्यात विशेष गरजेच्या मुलांचा रकाना आहे. निधीची आणि शिक्षकांची मागणी त्या आकड्यावरून होते. आपल्या मुलाचे नाव त्या रकान्यात आहे का, हे मुख्याध्यापकांना नम्रपणे विचारा. नाव नसेल तर सरकारच्या लेखी त्या शाळेत असे मूलच नाही!

तिसरे म्हणजे लेखी आराखडा. ह्या सहा महिन्यांत आपले मूल काय शिकणार, कोण शिकवणार, कुठे बसणार, परीक्षा कशी घेणार, हे एका पानावर लिहून मागा. "हुशार होईल" असे नको. "दिवाळीपर्यंत वीस जोडाक्षर नसलेले शब्द वाचेल" असे हवे. म्हणजे दिवाळीनंतर विचारता येते.

चौथे म्हणजे अर्ज. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते. साध्या कागदावर चार ओळी लिहा, दोन प्रती करा, एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही, शिक्का घ्या. ती स्थळप्रत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा, पावसाळ्यात आपली घरे गळतात. ज्या अर्जाला पोच नाही तो अर्ज दिलाच नाही असे समजा.

पाचवे म्हणजे भत्ते आणि साहित्य. प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, मुलींना दरमहा २०० रुपये दहा महिने, मोजमाप शिबिरातून कानाचे यंत्र, चाकाची खुर्ची, मोठ्या अक्षरांची किंवा ब्रेल पुस्तके, अशा तरतुदी आहेत. शिबीर कधी आहे हे गट साधन केंद्रात किंवा शहर साधन केंद्रात विचारा.

सहावे म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिच्यात पाऊणभाग पालक आणि निम्म्या महिला असतात. आपल्या भगिनी तिथे जातात, सही करतात, चहा घेतात आणि परत येतात. आता जाताना एक प्रश्न घेऊन जा. ह्या महिन्यात विशेष शिक्षक किती दिवस आले? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. वाकड्यात न शिरता दर महिन्याला हाच प्रश्न विचारला तरी पुष्कळ होते.

सातवे, इतके करूनही हलले नाही तर. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जिल्हा परिषद किंवा महापालिकेकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो. दहा रुपयांत माहितीचा अधिकार आहे, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत, तिथेही दाद मागता येते.

वर सांगितलेल्या मुलीच्या आईने आमच्याबरोबर बसून ह्यातली चार कामे केली. भांडण केले नाही. आधी अर्ज दिला की, मुलीला पहिल्या बाकावर बसवावे, आणि बाईंनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये, कारण ती ओठ बघून समजते. ह्या दोन गोष्टींना एक पैसा लागला नाही. दुसऱ्या अर्जावर शिबिराची तारीख कळली, नवा साचा मिळाला. समितीच्या दोन सभांत विशेष शिक्षकांच्या दिवसांचा प्रश्न लागोपाठ विचारला गेला, तेव्हा पंधरवड्यातून एक दिवस पक्का झाला आणि तांदळाची पोती दुसरीकडे गेली. आज ती पाचवीत आहे. सोपा धडा बोट ठेवून वाचते. वर्गाच्या बरोबरीने नाही, पण वाचते. वर्गातल्या मुलींनी तिच्या खुणा शिकून घेतल्या आहेत.

त्याच शाळेतला दुसरा एक मुलगा, ज्याच्यासाठी ती पट्ट्यांची खुर्ची होती, तो मात्र परत आला नाही. मधल्या काळात त्याला शाळेत उचलून नेणारी आजी वारली, आईला काम सोडता येईना. मदतनीस भत्त्याचा अर्ज आम्ही केला तोवर तो वर्षभर घरी होता आणि त्याची शाळेची सवय मोडली होती. आता शिक्षक घरी पाठवावा म्हणून मागणी चालू आहे. मुलाचे वर्ष वाया जाणे म्हणजे काय, हे आम्हाला ह्या दोन मुलांनी शेजारी-शेजारी दाखवले.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती नोंदवल्या गेल्या. तेव्हा सातांचे एकवीस व्हायचे होते, आणि लपवलेली मुले कोणत्याच जनगणनेत येत नाहीत. कायदा म्हणतो की, शाळेच्या वयाच्या मुलांची पाहणी दर पाच वर्षांनी करावी. सरकार करील तेव्हा करील. आपली वस्ती आपल्याला ठाऊक आहे. येत्या रविवारी विहारात महिला मंडळ जमेल तेव्हा एक वही घ्या. घरोघर जाऊन लिहा. मुलाचे वय, शाळा, इयत्ता, काय अडचण, दाखला आहे का, विशेष शिक्षक शेवटचे केव्हा भेटले. प्रेमाने विचारा, कोणाला लाज वाटेल असे विचारू नका. एखादी आई दार लावून घेईल. तिच्याकडे पुढल्या रविवारी पुन्हा जा.

आणि ज्या घरात असे मूल आहे त्या घराने आज संध्याकाळी एवढेच करावे. मुलाची वही उघडावी. वर्षभरात त्याने स्वतः काय लिहिले आणि फळ्यावरून नुसते चित्र काढल्यासारखे काय उतरवले, ते शेजारच्या शिकलेल्या मुलीला बघायला सांगावे. मग उद्या सकाळी वही घेऊन शाळेत जावे आणि बाईंशी बोलावे. अर्ज लिहायला कोणी नसेल तर वस्तीतल्या कार्यकर्त्याला गाठावे. चार ओळींचा अर्ज लिहून देणे हेही समाजकार्यच आहे.

जयभीम.